कांद्याच्या मुळाला विचारा : औषधी वनस्पतींच्या अर्काची जनुकीय सुरक्षितता तपासायला शिकताना

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की बहुतेकांच्या वहीत गुळवेल, अडुळसा, हिरडा नाहीतर शतावरी यांपैकी एखादं नाव आधीच लिहिलेलं असतं. पन्हाळा जवळ, गगनबावडा आणि राधानगरी तासा-दोन तासांवर, घरात आजीचा काढा. विषय आपसूक सुचतो. अडचण नंतर येते. 'ही वनस्पती गुणसूत्रांचं रक्षण करते' हे दाखवायची सगळ्यांना घाई असते आणि 'ती स्वतःच गुणसूत्रांना इजा करत नाही ना?' हा प्रश्न प्रबंध बांधायला टाकायच्या आठवड्यात आठवतो. माझा आग्रह आहे की हा क्रम उलटा करा. आधी सुरक्षितता, मग संरक्षण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात नसेल तर दुसऱ्याचं उत्तर वाचताच येत नाही. का, ते पुढे सांगते.

वनस्पती आहे म्हणजे निर्धोकच असणार, हा समज मनातून काढायला आपल्याच परिसरातली तीन नावं पुरेत. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी : तिच्यातलं कोल्चिसीन पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढणारे धागे तयारच होऊ देत नाही. सह्याद्रीतली नरक्या : तिच्यातलं कॅम्पटोथेसिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला अडवतं, त्याच रेणूपासून पुढे कर्करोगावरची औषधं निघाली, कारण तो पेशी मारतो. आणि सापसंद, म्हणजे अॅरिस्टोलोकियाच्या कुळातली वेल : त्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटून बसतं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकियाची जात गेली. गोळ्या घेणाऱ्या अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. तिथे मुळात चूक झाली ती वनस्पतीच्या ओळखीत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

झाड पक्कं करा

ज्या झाडाचा अर्क काढणार त्याच झाडाची फुलाफळांसकट फांदी घ्या. दाबून, वाळवून शीटवर लावा. तारीख, गाव, जागा, झाड कशावर किंवा कशाजवळ वाढलं होतं, हे सगळं तिथल्या तिथे लिहा, घरी येऊन नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. जाणकाराकडून ओळख पटवून घ्या आणि नमुन्याचा क्रमांक वहीत टिपा. गुळवेलीच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि टिनोस्पोरा सायनेन्सिस या दोन्ही वेली बाजारात गुळवेल म्हणूनच येतात. दुसरीच्या पानाला मागच्या बाजूने लव असते. पण दुकानात मिळतात ते कांड्यांचे तुकडे, पान नसतंच. त्यामुळे दुकानातला वाळका माल प्रकल्पाला घेऊ नका.

अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. बांधावरचं, परड्यातलं झाड मालकाला विचारून घ्या. उसाच्या बांधावरची वनस्पती मात्र मी घेऊ देत नाही. आपल्याकडे उसात 2,4-डी आणि अॅट्राझीनसारखी तणनाशकं फवारली जातात, ती बांधावरही उडतात. मग तुमच्या स्लाइडवर जे दिसेल ते झाडाचं की फवारणीचं, हे कोण सांगणार?

वाळवणं आणि अर्क

कोल्हापूरच्या पावसाळ्यात सावलीत पान वाळवणं हे खरं कसोटीचं काम. जुलैमध्ये चार दिवसांत पानं वाळत नाहीत, त्यांच्यावर करडी-हिरवी बुरशी चढते आणि मुलं ती झटकून पुढे जातात. असं करू नका. अॅस्परजिलस बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन बनवतात आणि अफ्लाटॉक्सिन बी1 हे स्वतःच जनुकांना घातक आहे. बुरशी लागलेला माल फेकून द्या. शक्यतो पाऊस ओसरल्यावर गोळा करा, नाहीतर 40 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. पान बोटांत कुरकुरलं पाहिजे, वाकलं नाही पाहिजे.

मग मिक्सरमधून काढून चाळा. घरात ज्या रूपात वापर होतो त्या रूपाजवळचा एक अर्क तरी असावा. लोक काढा पितात आणि आपण फक्त मिथेनॉलचा अर्क तपासतो, हे मला पटत नाही. काढ्यासाठी सोळापट पाणी घालून मंद आचेवर आटवायचं, गाळायचं. अल्कोहोलचा अर्क हवा असेल तर 10 ग्रॅम भुकटी 100 मिली द्रावकात भिजवा, हलवत राहा, व्हॉटमनच्या 1 नंबरच्या कागदातून गाळा, द्रावक पूर्ण उडवा. दोन्हींत शेवटी कोरडा अवशेष किती मिळाला ते वजन करा. पुढची सगळी मात्रा या कोरड्या वजनात सांगायची, 'दहा टक्के काढा' असं मोघम नाही.

द्रावणाचा पीएच मोजा. आवळा, कोकम, हिरडा यांचे अर्क आंबट असतात आणि आम्लपणानेच मुळं बिघडू शकतात. पीएच सातच्या आसपास आणून मगच पुढे जा.

कांदा

अनेक तपासण्या आहेत, पण नवख्याने कांद्यापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. प्राण्याचा जीव जात नाही, खर्च किरकोळ, साध्या सूक्ष्मदर्शकावर होते आणि कांद्याची गुणसूत्रं फक्त 16, चांगली मोठी, डोळ्याला सहज दिसणारी. ही पद्धत स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी 1938 मध्ये रूढ केली, तीही कोल्चिसीनचा परिणाम पाहताना. म्हणजे आपल्या कळलावीच्याच द्रव्याचा. याच लेव्हान यांनी पुढे 1956 मध्ये ज्यो हिन त्यो यांच्याबरोबर माणसाची गुणसूत्रं 46 असल्याचं दाखवलं. 1985 मध्ये फिस्केशो यांनी कांद्याची तपासणी पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांसाठी प्रमाणित केली आणि तेव्हापासून ती जगभर चालते.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात कांदा घेताना माझं दर वेळी असंच होतं.

"मावशी, हा कांदा कधीचा?"

"गेल्या महिन्यात काढलाय बघ. ने बिनघोर, सा महिनं हलायचा न्हाई."

स्वयंपाकाला तो उत्तम, आपल्याला निरुपयोगी. नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटत नाहीत. आपल्याला हवा तो थोडा जुना, कोरडा, कडक, पण अजून कोंब न आलेला. कोंब येऊ नयेत म्हणून काही कांद्यांवर मॅलेइक हायड्राझाइड मारतात. लासलगावला 2002 पासून गॅमा किरणांचं केंद्र आहे, तिथे कांद्यावर कोंबरोधक मारा होतो. असे कांदे चालणार नाहीत. खात्रीचा शेतकरी गाठा, सगळे कांदे एकाच वाणाचे, एकाच वाफ्यातले घ्या. आकार सुपारीपेक्षा थोडा मोठा, व्यास दोन-अडीच सेंमी.

बाहेरची कोरडी सालं काढा. तळाच्या चकतीवरची जुनी वाळकी मुळं ब्लेडने हलके खरवडा, पण चकतीला जखम करू नका. परीक्षानळीच्या तोंडावर कांदा असा ठेवा की फक्त चकती पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडाला की तो कुजतो आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेभर वास सुटतो. नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन निघून जाईल, आणि कंट्रोलला (म्हणजे तुलनेसाठी अर्काशिवाय ठेवलेल्या कांद्यांना) व अर्काला एकच पाणी वापरा. दोन दिवसांत पांढरी, चकचकीत मुळं निघतात. हवे त्यापेक्षा तीन-चार कांदे जास्त लावा आणि ज्यांची मुळं अगदीच खुरटी आहेत ते बाजूला काढा.

किती मात्रा?

एकदम सूक्ष्मदर्शकाकडे धावू नका. आधी साध्या फूटपट्टीचं काम आहे. अर्काच्या पाच-सहा मात्रा करा, प्रत्येक मात्रेत पाच कांदे, शेजारी नुसत्या पाण्याचे पाच. 72 तासांनी मुळांची लांबी मोजा. ज्या मात्रेला मुळं पाण्यातल्यांच्या निम्मी वाढतात ती मात्रा आलेखावरून काढा. पुढच्या प्रयोगाला ती, तिच्या निम्मी आणि तिच्या चौथाई, अशा तीन मात्रा घ्या.

लांबी मोजताना मुळांकडे नीट बघा. रंग, कडकपणा, टोकाचा आकार. टोक फुगून गदेसारखं झालं असेल तर कोल्चिसीनसारखी क्रिया चालू असण्याची शक्यता आहे. टोक तपकिरी, चामड्यासारखं झालं तर टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा संशय घ्या.

मुख्य प्रयोग

मुळं दोन-तीन सेंमीची झाली की कांदे अर्कात हलवा, 24 तास ठेवा. कांद्याच्या मुळातल्या पेशीचं चक्र साधारण दिवसाभराचं असतं, म्हणून एवढा वेळ. सोबत तीन कंट्रोल हवेतच : नुसतं पाणी; अर्कात डीएमएसओ किंवा अल्कोहोल असेल तर तेवढाच द्रावक पाण्यात, तोही एक टक्क्याच्या आत; आणि हमखास इजा करणारं एक द्रव्य. हे तिसरं नसेल तर 'दोष दिसले नाहीत' याचा अर्थ 'दोष नाहीत' की 'मला दिसले नाहीत', हे सांगता येत नाही.

हमखास इजेसाठी एथिल मिथेन सल्फोनेट, सोडियम अझाइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. पहिल्या दोघांना नवख्याने एकट्याने हात लावायचा नाही. एथिल मिथेन सल्फोनेट कर्करोगकारक आहे, त्याची वाफही धोक्याची : फ्यूम हूड, हातमोजे आणि उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटमध्ये निष्क्रिय करूनच टाकणं. अझाइड आम्लात गेलं तर विषारी वायू निघतो आणि तांब्या-शिशाच्या नळांत साचून स्फोटक क्षार बनतात, म्हणून ते सिंकमध्ये ओतायचं नाही. पहिल्या खेपेला पेरॉक्साइड बरं.

सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मुळं कापा, तेव्हा विभाजन चांगलं सापडतं. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल या ताज्या मिश्रणात 24 तास, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजला.

स्लाइड

ही पायरी वाचून येत नाही, हाताने येते. पहिल्या वीस स्लाइड वाया जाणार हे धरून चला. त्या नुसत्या पाण्यातल्या मुळांवर करा, प्रयोगाची मुळं वाया घालवू नका.

मूळ 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा डिंक सुटतो. पाण्याने धुवा. दोन टक्के अॅसिटो-ऑर्सिन किंवा अॅसिटोकार्मिनमध्ये अर्धा तास. बाहेर काढलंत की शेवटचे दीड-दोन मिलिमीटर बाकी मुळापेक्षा गडद दिसतील. विभाजन तिथेच चालतं. तेवढंच ठेवा, मागचं कापून टाका. 45 टक्के अॅसेटिक आम्लाचा एक थेंब, वर कव्हरस्लिप. आता पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके ठोका. तुकडा ढगासारखा पसरत जाताना डोळ्याला दिसतो. मग वर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्या. अंगठा तिळभरही सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळं संपतं.

40च्या भिंगाखाली आधी निरोगी विभाजन ओळखायला शिका, दोषांकडे नंतर वळा. मधल्या रेषेवर शिस्तीत उभी गुणसूत्रं, मग दोन टोकांना निघालेले दोन स्वच्छ गठ्ठे. हे डोळ्यात बसलं की बिघाड आपोआप खटकतो. दोन गठ्ठे दूर गेलेत पण मधे एक धागा ताणून राहिलाय, तो पूल. कुठेही न जोडलेला छोटा तुकडा, तो खंड. एखादं गुणसूत्र मागे रेंगाळलंय. सगळी गुणसूत्रं चिकटून एकच डाग झालाय. धागेच नसल्याने दुहेरी झालेली 16ही गुणसूत्रं पेशीभर विखुरलीत, ते कोल्चिसीनचं चित्र. आणि शेजारच्या विश्रांतीतल्या पेशीत मोठ्या केंद्रकाजवळ त्याच रंगाचा एक वाटोळा ठिपका, ते सूक्ष्मकेंद्रक.

हे प्रकार वेगवेगळे मोजा. तुकडे दिसत असतील तर अर्क गुणसूत्र तोडतोय. रेंगाळणं आणि विखुरणं दिसत असेल तर तो धाग्यांशी खेळतोय. सगळे दोष एकाच रकान्यात घातले तर ही मोलाची माहिती हरवते.

मोजणी

प्रत्येक कांद्यामागे निदान 1000 पेशी मोजा. स्लाइडवर मात्रा लिहू नका. मैत्रिणीला सांगून तिच्याकडून आकडे टाकून घ्या आणि यादी मोजणी संपेपर्यंत तिच्याचकडे राहू द्या. आपल्या लाडक्या वनस्पतीच्या स्लाइडवर आपला डोळा नकळत माफ करत जातो, हे मी स्वतःच्या मोजणीत पाहिलं आहे.

एकूण पेशींत विभाजनात असलेल्या किती, तो टक्का म्हणजे मायटोटिक इंडेक्स. विभाजनातल्या पेशींपैकी दोष असलेल्या किती, तो दुसरा टक्का. हे दोन आकडे कायम जोडीने लिहायचे. आणि सांख्यिकी लावताना लक्षात ठेवा : पाच कांद्यांच्या 5000 पेशी मोजल्या तरी तुमचे नमुने पाचच आहेत. एका कांद्याच्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. प्रत्येक कांद्याचा एक आकडा काढा आणि त्यावर चाचणी लावा.

आता संरक्षण

अर्क स्वतः दोष वाढवत नाही अशी मात्रा सापडली की मगच इथे या. वरच्या हमखास इजा करणाऱ्या द्रव्याला इथे विष म्हणू. तीन मांडण्या करतात : आधी अर्क मग विष, दोन्ही एकत्र, आधी विष मग अर्क. पहिलीतून कळतं की अर्काने पेशीची तयारी करून घेतली का. तिसरीतून, झालेली इजा भरून यायला मदत झाली का. एकत्र देण्याची मांडणी सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात आकडे छान येतात. पण मी तिच्यावर एकटीवर विश्वास ठेवत नाही. अँटीऑक्सिडंटने भरलेला अर्क आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका काचेत घातले की ते तिथेच एकमेकांना संपवतात. पेशीच्या आत काहीच घडलेलं नसतं. म्हणून आधीची आणि नंतरची मांडणी करा, मधे मुळं पाण्याने नीट धुवा.

हिशेब सोपा आहे. समजा, नुसत्या विषाने विभाजनातल्या पेशींपैकी 20 टक्क्यांत दोष आले, नुसत्या पाण्यात 2 टक्के, आणि अर्क देऊन मग विष दिल्यावर 8 टक्के. विषाने वाढवलेले दोष 18, त्यातले 12 टळले. 12 भागिले 18, म्हणजे संरक्षण सुमारे 67 टक्के.

आणि इथेच तो सापळा आहे. मी शिकत असताना हिरड्याच्या अर्काने दोष जवळजवळ शून्यावर आले होते. रात्री वसतिगृहावर मैत्रिणींना जागं करून सांगितलं. सकाळी बाईंनी वही पाहून एकच विचारलं, "विभाजन किती आहे ग?" मोजलं तर हजार पेशींत बोटांवर मोजण्याइतक्या पेशी विभाजनात होत्या. मुळं तपकिरी पडली होती. इजा झालेली पेशी विभाजनात शिरलीच नाही, तर तिचा दोष दिसणार कुठे? सूक्ष्मकेंद्रक दिसायलाही पेशी एकदा तरी विभागलेली असावी लागते. मी ज्याला संरक्षण म्हणत होते ती पेशींची थांबलेली हालचाल होती. मात्रा दहापट कमी करून सगळं पुन्हा केलं, तेव्हा उरलेलं संरक्षण पुष्कळ माफक निघालं, पण ते खरं होतं.

तेव्हापासून माझा नियम : अर्क आणि विष मिळून मायटोटिक इंडेक्स नुसत्या विषापेक्षा खाली गेला असेल तर 'संरक्षण' हा शब्द लिहायचा नाही. दोष कमी झाले आणि विभाजनही पाण्याच्या दिशेने सावरलं, तरच लिहायचा.

कांद्याच्या पुढे

कांद्याकडे माणसाचं यकृत नाही. काही द्रव्यं यकृतात गेल्यावरच घातक रूप घेतात. खुळखुळ्याच्या काही जातींतले पायरोलिझिडिन अल्कलॉइड तसेच. ही बाजू तपासायला ब्रूस एम्स यांनी 1970च्या दशकात घडवलेली जिवाणूंची तपासणी आहे. हिस्टिडीन स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेलाचे वाण घेतात; उत्परिवर्तन झालं तरच ते हिस्टिडीनविना वाढून वसाहत करतात. टीए98 वाण एक प्रकारचा बदल पकडतो, टीए100 दुसरा. सोबत उंदराच्या यकृताचा एस9 हा भाग (यकृतातली विकरं असलेला) घालून आणि न घालून, दोन्ही पद्धतींनी करतात. वनस्पतीच्या अर्कात इथे एक खाचखळगा आहे : अर्कातच मोकळं हिस्टिडीन असेल तर जिवाणू उत्परिवर्तनाशिवायच वाढतात आणि निर्दोष अर्क दोषी ठरतो. उलट क्वेर्सेटिन हे कांद्यातलंच द्रव्य या तपासणीत उत्परिवर्तक ठरतं, तरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या यादीत घातलेलं नाही. म्हणून एका तपासणीवर निकाल देत नाहीत. जिवाणू, मग पेशींमधली सूक्ष्मकेंद्रक तपासणी, मग कॉमेट (डीएनए तुटलाय का ते दाखवणारी तपासणी), असा जिना चढावा लागतो. माणसाचं रक्त घ्यायचं तर नैतिकता समितीची, प्राणी वापरायचे तर प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. एम.एस्सी.च्या वर्षात कांदा आणि जमलं तर एम्स, एवढं नीट केलं तरी पुष्कळ.

लिहिताना

'गुळवेल सुरक्षित आहे' असं लिहू नका. 'या ठिकाणच्या, या महिन्यात गोळा केलेल्या गुळवेलीच्या खोडाच्या काढ्याने, इतक्या मात्रेपर्यंत, 24 तासांत, कांद्याच्या मुळात गुणसूत्रांचे दोष पाण्यापेक्षा वाढले नाहीत' असं लिहा. वाक्य लांब होतं, होऊ द्या. दोष वाढलेले दिसले तरी ते लपवायचं नाही. ज्यांनी तुम्हाला झाड दाखवलं, त्या गावातल्या माणसाला जाऊन सांगायचं, की काका, कांद्यावर असं दिसलंय, माणसाचं अजून तपासायचंय, तोवर मात्रा वाढवू नका.

उरलेली मुळं 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये ठेवा आणि तोंडी परीक्षा होईपर्यंत टाकू नका. बाटलीवर बॉलपेनने लिहिलंत तर अल्कोहोलने पुसलं जातं. जाड कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका.